सर्व्हर उठल्यावर : स्टार्टअप स्क्रिप्टचा इतिहास आणि नाशिक

संगणकावर दोन तऱ्हेची कामे चालतात. काही कामे समोर बसलेला माणूस करून घेतो : पत्र लिहिणे, हिशेब मांडणे, चित्र पाहणे. काही कामे समोर कोणी नसतानाही चालूच राहतात. वेबसाइटची पाने पुरवणारा प्रोग्रॅम, ईमेल पोहोचवणारा प्रोग्रॅम, डेटाबेस, छपाईची रांग सांभाळणारा प्रोग्रॅम, ठरल्या वेळी बॅकअप घेणारा प्रोग्रॅम ही सगळी या दुसऱ्या जातीची कामे. त्यांना सर्व्हिस म्हणतात, युनिक्सच्या परंपरेत डेमन. यंत्र बंद पडून पुन्हा चालू झाले की या सर्व्हिस आपोआप आणि योग्य क्रमाने उभ्या राहाव्या लागतात. तो क्रम आणि प्रत्येक सर्व्हिस सुरू करण्याची, थांबवण्याची रीत ज्या फाइलींत लिहून ठेवतात, त्या स्टार्टअप स्क्रिप्ट.

क्रमाने कामे सुरू करणारा आणि नंतर त्यांच्यावर नजर ठेवणारा, अशा दोन वेगळ्या माणसांची गरज नाशिक-धुळे भागाला फार पूर्वी कळली होती. मोसम, पांझरा या नद्यांवरच्या फड पद्धतीत पाटाचे पाणी पाळीने सोडायला पाटकरी असे आणि पिकांची राखण करायला जागल्या. पाणी सोडणाऱ्यानेच रात्रभर राखणही करावी, अशी अपेक्षा कोणी धरली नाही. संगणकाच्या जगात मात्र पाटकरी आधी आला आणि जागल्या यायला जवळजवळ चाळीस वर्षे लागली. स्टार्टअप स्क्रिप्टचा इतिहास मुख्यतः या उशिराचा इतिहास आहे.

डेमन हा शब्द १९६३च्या सुमाराचा. अमेरिकेतील एमआयटीच्या प्रोजेक्ट मॅकमध्ये फर्नांडो कोर्बातो यांच्या गटाने आयबीएम ७०९४ यंत्रावर पाठीमागे अखंड चालणाऱ्या प्रोग्रॅमना हे नाव दिले. भौतिकशास्त्रज्ञ मॅक्सवेल यांच्या विचारप्रयोगात वायूचे रेणू निवडून दार उघडणारा एक अदृश्य रखवालदार आहे, त्यावरून ते सुचले. पहिल्या डेमनचे काम फाइलींची प्रत टेपवर घेण्याचे होते. त्याच यंत्रणेवर लुई पूझँ यांनी रनकॉम नावाची सोय लिहिली. एका फाइलीत आज्ञा ओळीने लिहायच्या आणि यंत्राने त्या एकामागून एक पाळायच्या. रनकॉमची दोन अक्षरे पुढे युनिक्सच्या आरसी या फाइलनावात उतरली आणि आजही टिकून आहेत.

केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांचे युनिक्स बेल लॅब्जमध्ये १९६९मध्ये आकाराला येऊ लागले. नोव्हेंबर १९७१च्या पहिल्या माहितीपुस्तिकेत इनिट या प्रोग्रॅमची नोंद आहे. यंत्र चालू झाले की आधी कर्नल, म्हणजे यंत्रणेचा गाभा, स्मृतीत येतो आणि मग कर्नल एकच प्रोसेस स्वतः सुरू करतो. ती इनिट. तिचा क्रमांक १. बाकीची प्रत्येक प्रोसेस तिची मूल किंवा मुलाचे मूल असते. एखाद्या प्रोसेसचा पालक आधी संपला, तर ती पोरकी प्रोसेस इनिटच्या पदरात येते, आणि संपलेल्या मुलांची नोंद मिटवण्याचे कामही इनिटकडेच राहते. इनिट स्वतः बंद पडली तर यंत्रच थांबते. म्हणून तिच्यात कमीत कमी काम असावे, असा दंडक दीर्घकाळ पाळला गेला.

इनिटने करायची बाकीची कामे आरसी या शेल स्क्रिप्टवर सोपवली होती. १९७९च्या सातव्या आवृत्तीत ही फाइल मोजक्या ओळींची होती. मागच्या वेळच्या शिळ्या नोंदी पुसायच्या, डिस्कचा दुसरा भाग जोडायचा, मग अपडेट आणि क्रॉन हे दोन डेमन सुरू करायचे. अपडेट दर तीस सेकंदांनी स्मृतीतला मजकूर डिस्कवर उतरवत असे, क्रॉन ठरल्या वेळी ठरलेले काम करत असे. फाइलीच्या सुरुवातीलाच जुन्या नोंदी पुसण्याची ओळ होती, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे. यंत्र नीट बंद झाले असेलच असे गृहीत धरता येत नाही, हे या धंद्यातले पहिले शहाणपण त्या एका ओळीत आहे.

बर्कली विद्यापीठाच्या युनिक्स शाखेने हीच वाट पुढे नेली. मुख्य आरसी फाइल यंत्रणेची, आणि आरसी-लोकल ही त्या त्या ठिकाणच्या व्यवस्थापकाची. आपल्याला हवी ती आज्ञा आरसी-लोकलच्या शेवटी लिहायची, की दर वेळी ती चालणार. ही सोय इतकी सरळ होती की पुढच्या सगळ्या बदलांतून ती तगून राहिली. तिची अडचणही तितकीच सरळ होती. सगळ्या सर्व्हिस एकाच लांब फाइलीत. मधली एकच सर्व्हिस थांबवून पुन्हा सुरू करायची झाली, तर ती फाइल उपयोगाची नाही.

एटी अँड टीच्या सिस्टम फाइव्ह युनिक्सने, म्हणजे १९८३ नंतर, या अडचणीवर जो तोडगा रुळवला त्यावर पुढची तीस वर्षे निघाली. प्रत्येक सर्व्हिसची स्वतंत्र स्क्रिप्ट इनिट-डी नावाच्या एका फोल्डरमध्ये ठेवायची. स्क्रिप्टला स्टार्ट म्हटले की ती सर्व्हिस सुरू करते, स्टॉप म्हटले की थांबवते. यंत्राच्या अवस्थांना क्रमांक दिले, त्या रनलेव्हल. ० म्हणजे बंद, १ म्हणजे दुरुस्तीसाठी एकट्या व्यवस्थापकापुरते, ६ म्हणजे रीबूट. मधल्या क्रमांकांचे अर्थ प्रत्येकाने आपापले ठरवले. युनिक्सच्याच वळणाच्या रेड हॅट लिनक्समध्ये ३ म्हणजे नेटवर्कसह पूर्ण काम आणि ५ म्हणजे त्यावर चित्रमय पडदा. प्रत्येक रनलेव्हलचे एक फोल्डर, आणि त्यात मूळ स्क्रिप्टकडे बोट दाखवणाऱ्या लिंक. लिंकच्या नावाचे पहिले अक्षर एस असेल तर सुरू करायचे, के असेल तर थांबवायचे. पुढचे दोन आकडे म्हणजे पाळी.

रेड हॅटच्या जुन्या सर्व्हरवर हे आकडे असे असत : नेटवर्क १०, लॉग लिहिणारी सर्व्हिस १२, दूरवरून प्रवेश देणारी एसएसएच ५५, मायएसक्यूएल डेटाबेस ६४, अपाचे वेब सर्व्हर ८५, क्रॉन ९०. थांबवताना अपाचेचा आकडा १५, मायएसक्यूएलचा ३६, लॉगचा ८८, नेटवर्कचा ९०. आधी रस्ता, मग वही, मग कोठार, मग दुकान. आवरताना उलट, दुकान आधी आणि रस्ता शेवटी. फोल्डरमधल्या फाइलींची यादी काढली की यंत्राचा दिनक्रम वाचता येई. इतकी उघड, कोणालाही डोळ्यांनी तपासता येणारी रचना नंतरच्या कोणत्याही पद्धतीला साधली नाही.

स्क्रिप्ट लिहिणे मात्र दिसते तितके सोपे नव्हते. पहिला प्रश्न सर्व्हिस पाठीमागे पाठवण्याचा. माणसाने टर्मिनलवरून प्रोग्रॅम सुरू केला आणि टर्मिनल बंद केले, की त्या प्रोग्रॅमला निरोपाचा सिग्नल मिळतो आणि तोही संपतो. म्हणून डेमन स्वतःची प्रत काढतो आणि मूळ प्रोसेस मरू देतो. प्रत नवे सत्र उघडून टर्मिनलशी नाते तोडते. पुन्हा एकदा प्रत काढतात, म्हणजे ते नाते चुकूनही जुळू नये. मग काम करण्याची जागा मूळ फोल्डरवर न्यायची, उघड्या फाइली मिटायच्या, आणि आपला प्रोसेस क्रमांक एका छोट्या फाइलीत लिहून ठेवायचा. हीच पीआयडी फाइल.

सारी डोकेदुखी या पीआयडी फाइलीत होती. स्टॉपची आज्ञा आली की स्क्रिप्ट फाइलीतला क्रमांक वाचून त्या प्रोसेसला थांबण्याचा सिग्नल पाठवते. सर्व्हिस मध्येच कोसळली तर फाइल तशीच मागे राहते. मग स्टार्ट म्हटल्यावर कच्ची स्क्रिप्ट सांगते की सर्व्हिस चालूच आहे, आणि काहीच करत नाही. याहून वाईट प्रसंग म्हणजे यंत्राने तोच क्रमांक दरम्यान भलत्याच प्रोसेसला दिलेला असणे. तेव्हा स्टॉपची आज्ञा निरपराध प्रोग्रॅमला मारते. म्हणून नीट लिहिलेली स्क्रिप्ट आधी त्या क्रमांकाची प्रोसेस जिवंत आहे का ते पाहते, मग तिचे नाव जुळते का ते पाहते, मग सभ्य सिग्नल देते, काही सेकंद थांबते, आणि तरीही ती गेली नाही तरच सक्तीचा सिग्नल देते. रीस्टार्ट करण्याआधी संरचनेची फाइल तपासणे हाही असाच नियम. अपाचेच्या फाइलीत एक कंस राहून गेला, तर चालू सर्व्हिस थांबते आणि नवी सुरू होत नाही.

भारतात युनिक्सचा प्रसार मोठ्या संस्थांतून झाला. रिझर्व्ह बँकेने नेमलेल्या रंगराजन समित्यांचे १९८४ आणि १९८९चे अहवाल बँकांच्या संगणकीकरणाचा पाया ठरले, आणि त्यानंतर बँकांमध्ये युनिक्सवर चालणारी यंत्रे मोठ्या संख्येने आली. पुण्यात १९८८मध्ये स्थापन झालेल्या सी-डॅकने १९९१मध्ये परम ८००० हा महासंगणक तयार केला. १९९८च्या परम १००००मध्ये सन कंपनीची सोलॅरिस ही युनिक्सची जात होती. म्हणजे इनिट-डी फोल्डर महाराष्ट्रात आधी आले ते बंद खोल्यांत, थोड्या लोकांच्या हाती. विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी मुंबईसह मोजक्या शहरांत सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केले, आणि त्यानंतर लिनक्सच्या सीडी हातोहात फिरू लागल्या. लिनस टोरवाल्ड्सने १९९१मध्ये लिहायला घेतलेल्या लिनक्ससाठी मिकेल फान स्मूरेनबर्ग यांनी सिस्टम फाइव्हच्या धर्तीची इनिट तयार केली होती. डेबियन आणि रेड हॅटने तीच घेतली, स्लॅकवेअरने बर्कलीचे वळण राखले.

नाशिकमध्ये ही विद्या पोटापाण्याची झाली ती होस्टिंगमुळे, म्हणजे दुसऱ्यांच्या वेबसाइट आपल्या सर्व्हरवर सांभाळण्याच्या धंद्यामुळे. ईएसडीएस सॉफ्टवेअर सोल्युशन ही कंपनी २००५मध्ये स्थापन झाली. सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत तिचे मुख्यालय आहे आणि डेटा सेंटरही. वाहनांचे सुटे भाग आणि विजेची उपकरणे बनवणाऱ्या कारखान्यांच्या शेजारी हा नवा कारखाना उभा राहिला. होस्टिंगच्या धंद्यात सर्व्हर लंडनला असो की सातपूरला, त्याची देखभाल करणारा कुठेही बसू शकतो. ब्रिटनचे घड्याळ हिवाळ्यात साडेपाच तास आणि उन्हाळ्यात साडेचार तास मागे असल्यामुळे तिथल्या ग्राहकाची संध्याकाळ नाशिकच्या मध्यरात्री येते. या पेशाला रात्रपाळी अटळ झाली ती त्यामुळे.

रात्रपाळीतल्या कामाचा बराचसा भाग इनिट-डी भोवती फिरत असे. त्या काळी होस्टिंगमध्ये सेंटओएस या लिनक्सचे आणि त्यावर सीपॅनल या व्यवस्थापन प्रणालीचे चलन होते. अपाचेला पुन्हा सुरू करणारी ‘सर्व्हिस एचटीटीपीडी रीस्टार्ट’ ही आज्ञा बोटांना पाठ झालेली असे. रीबूटनंतर सर्व्हिस आपोआप उठावी म्हणून चेककॉन्फिगची दुसरी आज्ञा द्यावी लागे, आणि नेमकी तीच विसरली जाई. सर्व्हिस हाताने सुरू केली, साइट चालू झाली, तक्रार मिटली. पुढे कित्येक महिन्यांनी सर्व्हर रीबूट झाला, की तीच साइट पुन्हा बंद, आणि तोवर पहिले काम कोणी केले हे सांगायलाही कोणी नसे. हा दोष तंत्राचा जितका, तितकाच काम अर्धवट सोडण्याच्या सवयीचा होता.

त्याच वर्षांत महाराष्ट्र भारनियमनाने गांजला होता. डेटा सेंटरला यूपीएस आणि डिझेल जनरेटर असतात, तिथला सर्व्हर वीज गेल्याने सहसा पडत नाही. पण कारखान्यात, पतसंस्थेत किंवा महाविद्यालयात कोपऱ्यात ठेवलेल्या लिनक्स सर्व्हरच्या नशिबी ती ऐपत नव्हती. यूपीएस काही मिनिटे तग धरी, वीज काही तासांनी परत येई. अशा यंत्राला दिवसातून एकदोनदा मरून उठावे लागे, तेही शेजारी जाणकार नसताना. स्टार्टअप स्क्रिप्टची खरी परीक्षा इथे होती. शिळी पीआयडी फाइल, तपासणीसाठी अडून बसलेली डिस्क आणि सावकाश सावरणारा डेटाबेस या तीन गोष्टी पुन्हा पुन्हा आडव्या येत. अचानक बंद पडलेल्या मायएसक्यूएलला आपल्या नोंदी जुळवायला वेळ लागतो. स्क्रिप्ट ठरावीक सेकंद वाट पाहून सर्व्हिस उठली नाही असे जाहीर करी, आणि प्रत्यक्षात ती मिनिटाभराने उठलेली असे.

सिस्टम फाइव्ह पद्धतीचा खरा दोष यातून दिसतो. स्क्रिप्ट सर्व्हिसला उठवते आणि निघून जाते. नंतर सर्व्हिस पडली तर ते पाहणारा कोणी नाही. इनिट-टॅब या फाइलीत मेलेली प्रोसेस पुन्हा सुरू करण्याची सोय होती, पण ती टर्मिनलच्या प्रवेशपडद्यांसाठी वापरली गेली, डेमनसाठी क्वचितच. ही उणीव लोकांनी बाहेरून भरून काढली. सीपॅनलचा चेकसर्व्हडी हा डेमन ठराविक वेळाने प्रत्येक सर्व्हिसच्या दारावर टकटक करतो, आणि उत्तर आले नाही तर तिला पुन्हा उठवतो. ठिकठिकाणच्या व्यवस्थापकांनी क्रॉनमध्ये हेच काम करणाऱ्या चार ओळी लिहून ठेवल्या. असा जागल्या प्रत्येकाने आपापला नेमला.

पाया बदलण्याचे प्रयत्नही चालू होते. डॅनियल बर्नस्टाइन यांच्या डेमनटूल्सने नव्वदच्या दशकाच्या अखेरीस उलटा विचार मांडला : सर्व्हिसने पाठीमागे जाऊच नये, आपल्या पालकासमोर चालावे, म्हणजे ती पडताच पालकाला कळेल आणि पीआयडी फाइल लागणारच नाही. त्या काळी तो विचार मूठभरांनी घेतला. डिसेंबर २०००मध्ये आलेल्या नेटबीएसडी १.५ने आकड्यांची पाळी सोडून दिली. प्रत्येक स्क्रिप्टने आपल्याला आधी काय लागते ते सांगायचे, क्रम यंत्राने लावायचा. २००५मध्ये सोलॅरिस १०ची एसएमएफ आणि अॅपलची लाँचडी आली, २००६मध्ये उबुंटूची अपस्टार्ट. अपस्टार्ट रेड हॅट एंटरप्राइज लिनक्स ६मध्येही होती, पण तिथे बहुतेक सर्व्हिस जुन्या स्क्रिप्टवरच चालत राहिल्यामुळे अनेकांना बदल झाल्याचे जाणवलेही नाही.

निर्णायक ठरली ती सिस्टमडी. लेनार्ट पोएटरिंग आणि के सीव्हर्स यांनी ती २०१०मध्ये पुढे आणली, आणि मे २०११च्या फेडोरा १५ने ती मूळ पद्धत म्हणून स्वीकारली. तिच्यात स्क्रिप्टची जागा युनिट फाइलीने घेतली. कोणता प्रोग्रॅम चालवायचा, कोणत्या वापरकर्त्याच्या नावाने, कशाच्या नंतर, पडला तर पुन्हा उठवायचा का, एवढे सांगायचे. कसे करायचे ते सांगायचे नाही. शंभर ओळींची स्क्रिप्ट दहाबारा ओळींवर आली. क्रमाच्या बाबतीत तिने बर्कलीच्या १९८६च्या इनेटडीची कल्पना मोठ्या प्रमाणावर वापरली : सर्व्हिसचे दार यंत्रणेनेच आधी उघडून ठेवायचे, आलेली मागणी रांगेत धरायची, आणि सर्व्हिस मागून उठली तरी चालेल.

पीआयडी फाइलीचे दुखणे मिटवले ते कर्नलमधल्या सीग्रुप या सोयीने. जानेवारी २००८च्या लिनक्स २.६.२४मध्ये ती आली. तिच्यामुळे एखाद्या सर्व्हिसपासून जन्मलेल्या सगळ्या प्रोसेस एका गटात बांधल्या जातात. प्रोग्रॅमने कितीही वेळा स्वतःच्या प्रती काढल्या तरी तो गटाबाहेर निसटत नाही, आणि थांबवताना अख्खा गट थांबवता येतो. चाळीस वर्षे जो प्रश्न स्क्रिप्ट लिहिणाऱ्याच्या काळजीवर सोडलेला होता, त्याचे उत्तर स्क्रिप्टमध्ये नव्हतेच, कर्नलमध्ये होते.

तरीही विरोध तीव्र झाला. क्रमांक १ची प्रोसेस छोटी असावी या दंडकाला सिस्टमडीने धक्का दिला होता. लॉग, वेळापत्रक, लॉगिन अशा अनेक गोष्टी तिच्या छत्राखाली आल्या, आणि लॉग साध्या मजकुराऐवजी विशेष साच्यात जाऊ लागला. फोल्डर उघडून दिनक्रम वाचणाऱ्यांना हे हातातून काहीतरी काढून घेतल्यासारखे वाटले, आणि ती भावना निराधार नव्हती. डेबियनच्या तांत्रिक समितीत मते इतकी विभागली की फेब्रुवारी २०१४मध्ये अध्यक्षांच्या निर्णायक मताने सिस्टमडीची निवड झाली. नाराज झालेल्यांनी देवुआन ही वेगळी शाखा काढली. एप्रिल २०१५मध्ये डेबियन ८ आणि उबुंटू १५.०४ दोन्ही सिस्टमडीसह आले.

होस्टिंगच्या धंद्यात बदल पोहोचला तो जुलै २०१४च्या सेंटओएस ७बरोबर. एका पाळीत जुने आणि नवे दोन्ही सर्व्हर हाताखाली असत. एकावर ‘सर्व्हिस एचटीटीपीडी रीस्टार्ट’, दुसऱ्यावर ‘सिस्टमसीटीएल रीस्टार्ट एचटीटीपीडी’, नाव आणि क्रियेची अदलाबदल. जुनी आज्ञा नव्या यंत्रावर दिली तरी ती आतून नवीकडे वळवली जाते, त्यामुळे संक्रमण सुसह्य झाले. सेंटओएस ६ची मुदत ३० नोव्हेंबर २०२० रोजी संपली आणि ७ची ३० जून २०२४ रोजी. या पेशात नव्याने येणाऱ्याला आता एस आणि केच्या लिंक सहसा पाहायलाही मिळत नाहीत.

मधल्या काळात डॉकर हे कंटेनरचे साधन मार्च २०१३मध्ये आले आणि जुना प्रश्न नव्या घरात उभा राहिला. कंटेनरच्या आत सुरू होणारा प्रोग्रॅम तिथली क्रमांक १ची प्रोसेस होतो. तो साधा वेब प्रोग्रॅम असेल तर पोरक्या प्रोसेस सांभाळणे, संपलेल्यांची नोंद मिटवणे, थांबण्याचा सिग्नल ओळखणे ही इनिटची कामे त्याला येत नाहीत. म्हणून २०१७मध्ये डॉकरने कंटेनरात एक चिमुकली इनिट घालण्याची सोय दिली. तिचे काम १९७१च्या इनिटचेच.

आरसी-लोकल मात्र अजून आहे. रेड हॅटच्या वळणाच्या यंत्रणांत सिस्टमडी सुरुवातीला ती फाइल शोधते आणि सापडली तर चालवते, पण तिला चालवण्याची परवानगी आधी दिलेली असेल तरच.